४१३००१ ची फोड

सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१३००१. आमच्या चादरींच्या दुकानात बिलबुकावर, पार्सलच्या लेबलवर, रबरी शिक्क्यावर, जिथे बघाल तिथे हाच. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले. हे गृहस्थ टपाल खात्यातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी! आकडे त्यांनी टपालाच्या सोयीने बसवले, गणिताच्या नाही. म्हणून तर मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडून बघायला मजा येते.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. उरले ४५८८९. ७, ११ आणि १३ यांना एका वजाबाकीत घालवता येतं. तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे आणि वजा करायचे: ४१३ − १ = ४१२. तिघांचा गुणाकार १००१ असल्यामुळे हे चालतं. ४१२ ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, विषय संपला. (लातूरच्या ४१३५१२ ला हेच लावा: ५१२ − ४१३ = ९९. ११ आयता हाती!)

पुढे मात्र पाट्या टाकायच्या. १७, १९, २३... शंभरी ओलांडली तरी बाकी उरतेच. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या आसपास, म्हणून २११ पर्यंत काही सापडलं नाही तर ती मूळ संख्या म्हणून सोडून द्यायची, एवढं ठरलेलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना १०९ चा भाग गेला, निःशेष. भागाकार ४२१, तोही मूळ.

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

खरी गंमत इथून पुढे. १०९ आणि ४२१, दोघांनाही ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हे फर्माने सांगितलं आणि ऑयलरने सिद्ध केलं. १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांचीच बेरीज होतो, तोही दोन तऱ्हांनी. या रीतीचं व्यापक रूप ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात, इ.स. ६२८ मध्ये आहे. आपल्याकडे तिला ‘भावना’ म्हणतात. उरलेला ९ हा ३ चा वर्ग, तो गुमान आत शिरतो:

५७६² + २८५² = ४१३००१
५५५² + ३२४² = ४१३००१

रामानुजनच्या १७२९ शी याची बरोबरी नको. ती दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी सर्वात लहान संख्या, तिथे घन आहेत. वर्गांचं हे कौतुक तर ६५ लाही जमतं. पण ५५५ बघून मी मोठ्याने हसलो, हे खरं.

पंढरपूरच्या ४१३३०४ ला मात्र हे साधणार नाही. अंकांची बेरीज १५, म्हणजे ३ चा भाग एकदाच जातो. ४ ने भागून ३ बाकी ठेवणारी मूळ संख्या अशी विषम वेळा आली, की दोन वर्गांची बेरीज होणं नाही. पंढरपूरच्या साडूंना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “राहू द्या हो. आमच्याकडं विठोबा आहे, वर्ग तुम्हीच ठेवा.”