कोकणात गाडीला मीठ खातं: डिझेल थारने श्रीवर्धन ते वेंगुर्ला

गणपती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्याहून निघालो. सात दिवस, साधारण ११०० किलोमीटर, तीन फेरीबोटी, आणि वहाळ किती ओलांडले ते तिसऱ्या दिवसानंतर मोजलंच नाही. गाडी २०१६ ची थार, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. किनाऱ्याने केलेला हा माझा पाचवा मोठा फेरा. या गाडीत काय करून घ्यावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे.

लडाखच्या नाहीतर राजस्थानच्या हिशेबाने तयार केलेली गाडी घेऊन कोकणात उतरू नका. इथे विरळ हवा नाही, वाळवंट नाही, पंप दोनशे किलोमीटर लांब नाही. इथे खारं पाणी आहे, कपाटातले कपडे ओले करणारी हवा आहे आणि चेसिसच्या पोटात जाऊन बसणारी तांबडी माती आहे. जो काही खर्च करायचा तो या तिघांपासून गाडी वाचवायला करा.

सुरुवातीला मीही लोखंडी बंपर बसवला होता, टपावर कॅरिअर आणि त्यावर दिव्यांची पट्टी. कोकणातल्या वाडीत शिरल्यावर त्याचा अर्थ कळतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा, वर फणसाच्या फांद्या, आणि वळण असं की गाडी दोनदा मागेपुढे केल्याशिवाय निघत नाही. कॅरिअरने एका बागेतल्या कलमाची फांदी मोडली, तेव्हा बागेच्या मालकांची माफी मागून मी परतले आणि तो सगळा पसारा उतरवला. काट्यावर गाडी ९० किलोंनी हलकी भरली. मागचे पाटे पुन्हा वर आले, ब्रेक लवकर लागू लागले. कायद्याच्या बाजूनेही ते योग्यच होतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेत, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असं सांगितलं. टायरसुद्धा मी मूळ मापाचेच ठेवले आहेत, फक्त जात ऑल टेरेन.

मग करून काय घेतलं? सगळ्यात आधी ब्रीदर. पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलवर (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीवर) एक बोटभर नळी असते, आतली गरम हवा बाहेर जायला. घाट उतरून तापलेला अॅक्सल थंड वहाळात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून, नाहीतर सीलमधून, पाणी आत ओढलं जातं. दोन वर्षांपूर्वी गुहागरकडे मी गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, वर आल्यावर खूश झाले, आणि महिन्याभराने मिस्त्रीकाकांनी मागचा प्लग उघडला तेव्हा ताकासारखं पांढुरकं तेल खाली आलं. बेअरिंगं गेली होती. आता दोन्ही ब्रीदरना इंधनाच्या पाइपची लांब नळी जोडून, तोंड बॉनेटखाली उंच बांधलं आहे. पाइप आणि क्लिपा मिळून चारपाचशे रुपयांचं काम. ज्यांना वहाळ ओलांडायचे आहेत त्यांनी दुसरं काही नाही केलं तरी एवढं करावं. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी, मी बसवलेला नाही. एअर फिल्टर बुडेल इतक्या पाण्यात घालायची गाडी कोकणात तरी मला कधी लागली नाही, आणि तेवढं पाणी असेल तर थांबायचं असतं.

दुसरं, चेसिस. रबरी अंडरकोटिंग मारून घेतलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दगड लागून त्याला चीर गेली की खारं पाणी आत जातं आणि वरून काळं कुळकुळीत दिसणाऱ्या थराखाली पत्रा सडतो. मी मेणाचं कोटिंग पावसाळ्याआधी दरवर्षी मारून घेते, पोकळ जागांतही नळीने सोडायला लावते. जळकं इंजिन ऑइल फवारणारे लोक आहेत, ते करू नका. ते वहाळाच्या पाण्यात उतरतं, आणि त्या पाण्यावर लोकांच्या विहिरी असतात.

ताम्हिणी आणि माणगावबद्दल सांगण्यासारखं काही नाही, रस्ता सगळ्यांना माहीत आहे. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. ओहोटीला जेटीचा उतार लांब आणि तीव्र होतो, खालच्या भागावर शेवाळ असतं, आणि बऱ्याचदा गाडी रिव्हर्समध्ये चढवावी किंवा उतरवावी लागते. शेवाळावर घसरायच्या आत फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची) टाका, घसरल्यावर नाही. वर सुक्या डांबरावर आलात की लगेच टू व्हीलमध्ये या. अशा गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्का जोडलेला असतो, सुक्या रस्त्यावर वळताना ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. शक्य असेल तर भरतीच्या आसपास जेटी गाठा. त्यासाठी कोकणातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट करा, येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. खाजणातल्या बांधावरून जाणारे रस्ते उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जातात, आणि ते पाणी खारं असतं. तिथे तासभर थांबणं हीच गाडीची निगा.

पलीकडे वेश्वीला उतरलो. ही सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री हिच्याच पुराने महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल नेला, दोन एसटी बस आणि माणसांसकट. वाहतं पाणी किती खोल आहे हे वरून दिसत नाही आणि खालचा कॉजवे जागेवर आहे की नाही हेही नाही. आम्ही प्रत्येक वहाळात आधी पायी उतरलो. भाऊ काठी घेऊन पुढे, मी काठावर. पाणी मांडीला लागलं किंवा पाय ओढला गेला तर परत फिरायचं, हे आमचं ठरलेलं होतं आणि केळशीच्या अलीकडे एकदा फिरलोही. पाण्यात चढल्यावर पहिल्या गिअरला, फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी, जोर जास्त), क्लच न दाबता एका संथ चालीने जायचं. मध्येच इंजिन बंद पडलं आणि पाणी आत गेल्याची शंका आली तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून काढा, मग मेकॅनिक इंजेक्टर काढून पाणी बाहेर फेकेल.

खरा खोळंबा मात्र पाण्यात झालाच नाही. दाभोळची फेरी घेऊन धोपाव्याला उतरलो, गुहागर, हेदवी झालं, आणि तवसाळच्या अलीकडच्या चढावर गाडीने दम सोडला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतरडत चढत होती, आणि मीटरवर डिझेल फिल्टरचा पिवळा दिवा. बाजूला घेतली. फिल्टरच्या बुडाशी एक प्लास्टिकचा स्क्रू असतो, तो दोन वळसे सैल केला आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. आधी थेंब, मग धार. बाटली उजेडात धरली तर वर सोनेरी डिझेल, खाली स्वच्छ पाणी, आणि मध्ये आखल्यासारखी रेघ. अर्धा कप पाणी होतं. वास घ्यायची गरजच नव्हती, तरी भावाने घेतला. नुसतं डिझेल येईपर्यंत सोडलं, स्क्रू आवळला, फिल्टरवरचा हातपंप कडक होईस्तोवर दाबला, आणि गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. पाणी आलं होतं आमच्याच जादाच्या कॅनमधून. पावसाळाभर तो गॅलरीत होता, झाकणाचं वायसर कुजलेलं, आणि आदल्या दिवशी उगाच तो टाकीत ओतला.

कॉमन रेल इंजिनाला, म्हणजे ज्यात डिझेल फार मोठ्या दाबाने फवारलं जातं त्याला, हे पाणी फार महाग पडतं. पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलचंच असतं, त्यात पाणी आलं की ते घासतात आणि गंजतात. म्हणून दिवा लागायची वाट न बघता दर तीनचार दिवसांनी फिल्टर थोडा सोडून बघा. रात्री टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. एक जादा फिल्टर आणि त्याचं रबर बरोबर असू द्या. आणि जादाचं डिझेल नेऊच नका. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, सगळीकडे पंप आहेत, आणि ६० लिटरच्या टाकीत माझी गाडी ६०० किलोमीटर जाते. एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. वाड्यावाड्यांतून पंधराच्या वेगाने दिवसभर फिरलं की डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या नळीतल्या गाळणीत, काजळी साचते. दोन दिवसांतून एकदा मुंबई-गोवा महामार्गावर पंधरावीस मिनिटं एका वेगाने गाडी पळवा, आणि काजळी जळत असताना गाडी मध्येच बंद करू नका.

जयगडहून गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, आणि तिथून खाली सड्यांचा प्रदेश. पावसाळ्यानंतरचा सडा काय असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मैलभर काळा-तांबडा कातळ, त्यात पाण्याची डबकी आणि जिथे बोटभर माती तिथे निळी-जांभळी फुलं. पण गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती जमिनीच्या पातळीला कोरलेली असतात, ओल्या कातळावर उभं राहूनही पटकन दिसत नाहीत. तुमच्या टायरखाली काय आलं हे तुम्हाला कळणारही नाही. आम्ही गाडी डांबरावर लावून चालत गेलो.

टायरची हवा इथे फार उतरवू नका. चिखलात मी १८ पीएसआयपर्यंत आणते, पण जांभ्यावर २४ च्या खाली नाही. हवा कमी झाली की टायरची बगल फुगते आणि जांभ्याची तोडलेली कड ती ब्लेडसारखी कापते. बगलेचा काप पंक्चरवाल्याकडे जुळत नाही. त्यामुळे स्टेपनी पूर्ण आकाराची, आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्या, ओल्या मातीत जॅक स्वतःच खाली जातो. आंबोळगडजवळ चिखलात मागचं चाक फिरत राहिलं तेव्हा शेजारच्या घरातल्या काकूंनी नारळाची सोडणं आणून दिली. चाकाखाली चार कोंबली आणि गाडी सुटली. हजारोंच्या रिकव्हरी फळ्या गाडीत तशाच होत्या.

मालवणच्या अलीकडे एका किनाऱ्यावर संध्याकाळी गर्दी दिसली. कुणाची तरी नवी मोठी एसयूव्ही पुळणीत पोटापर्यंत रुतलेली, आणि भरती चढत होती. मी कडेच्या घट्ट रस्त्यावरून जरा पुढे सरकले तर एक आजोबा आडवे आले. “गो बाय, पुळणीत गाडी घालू नको. भरती इली की चाकां आणखी खाली बसतली. दोरी असात तर हयसून ओढ.” त्यांचं बरोबर होतं. गाडी सुरूच्या झाडांजवळ उभी ठेवून दोन पट्टे जोडले, शॅकल चेसिसच्या हुकाला, पट्ट्यावर जाड सतरंजी टाकली, म्हणजे तुटला तर उसळून कुणाला लागणार नाही. माणसं लांब उभी केली. फोर लोमध्ये हळूहळू ताण देत तिसऱ्या प्रयत्नात ती बाहेर आली. तोवर लाटा तिच्या दरवाजाला लागल्या होत्या. ती गाडी आज चालत असेल, पण वायरिंगचे सॉकेट आणि बेअरिंगं पुढच्या सहा महिन्यांत बोलतील.

किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, गुन्हे दाखल होतातही. पण मला त्याहून दुसरी गोष्ट लागते. या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वेळासची माणसं रात्री जागून ती राखतात. वाळूवर चाकाची खोल चाकोरी पडली की समुद्राकडे निघालेलं बोटभर पिल्लू तीत अडकतं. फोर बाय फोर आहे म्हणून समुद्र जवळून बघता येत नाही. उतरून चालत जा.

रोज संध्याकाळी मुक्कामी आम्ही एकच काम न चुकता केलं. घरमालकांना विचारून माडांना पाणी घालायचा पाइप घ्यायचा आणि विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची. वरची धूळ राहू दे. चाकांच्या कमानी, पाट्यांच्या फटी, ब्रेकच्या मागची बाजू. साध्या पाइपचं पाणी पुरे; प्रेशरचा फवारा यूजे क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्याच्या) आणि हबच्या सीलवर मारलात तर तुम्हीच पाणी आत घालाल. पाण्यातून आलात की ब्रेक हलके दाबत शंभर मीटर चालवा, ड्रममध्ये वाळू असेल तर तेव्हाच आवाज येतो. वेंगुर्ल्याला आम्ही गाडीखाली आडवं होऊन शाफ्टच्या निपलांना ग्रीसगन लावली, जुनं ग्रीस राखाडी होऊन पाण्याच्या थेंबांसकट बाहेर आलं, स्वच्छ येईपर्यंत मारत राहिलो.

आंबोली चढून कोल्हापूरमार्गे परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकाकांकडे गाडी रॅम्पवर घेतली. चेसिसच्या दांडीला खालून पाणी उतरायची भोकं असतात. त्यातलं मागचं डावं बुजलेलं होतं. काकांनी सायकलच्या चाकाची तार वाकवून आत घातली, फिरवली, आणि तांबडा चिखल मुठीएवढा खाली पडला, त्यामागून पाणी. सात दिवस रोज धुऊनही ते तिथे होतं. मग त्यांनी मागच्या डिफरन्शिअलचा प्लग सैल केला. मी टॉर्च धरून खाली वाकले. तेल मधासारखं, स्वच्छ. काकांनी करंगळीवर घेऊन चोळून बघितलं, मान हलवली आणि नवं तांब्याचं वायसर घालून प्लग आवळला. मागचे ब्रेक शू मात्र बदलायला सांगितले आहेत.