गुरुत्वाकर्षणाला लोडशेडिंग नाही

परवा कळणाचं दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. ज्वारी न् अख्खे उडीद, पाच किलोचा डबा. नंबर लागला, नानांनी डबा वर ओतला, दगड घरघरायला लागले आणि लाईट गेली. अमळनेरात मे महिन्याच्या दुपारी लाईट जाणं ही काय बातमी नाही, पण नानांनी पुढे जे केलं ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. पट्ट्याकडे नाही, मेन स्विचकडे नाही, ते आधी धावले वरच्या झडपेकडे आणि ती खाडकन लावून टाकली.

म्हटलं नाना, मोटर तर बंद झाली, आता घाई कसली?

"मोटर बंद व्हयनी, दाना थोडाच थांबस? तो खाले पडतच ऱ्हास."

खरंच की. दाणा पडत राहिला तर दगडात गच्च भरणार आणि लाईट आली की मोटर उचलणारच नाही. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेला 'वीज आणि गुरुत्वाकर्षण, फरक स्पष्ट करा' नानांनी एका वाक्यात उरकला.

मग बाकड्यावर घाम पुसत बसलो आणि डोकं त्यातच अडकलं. गिरणीच्या तोंडाशी लोहचुंबकाची पट्टी असते बघा, धान्यातलं लोखंड धरायला. तिला एक वाकडा खिळा न् तारेचा तुकडा चिकटलेला. म्हणजे खालून ओढतेय सहावर २४ शून्यं इतक्या किलोची अख्खी पृथ्वी आणि वर बिस्किटपुड्याएवढं चुंबक, तरी खिळा चुंबकाकडेच! आणि चुंबक न् वीज म्हणजे एकाच बळाची दोन रूपं. दोन प्रोटॉन शेजारी ठेवले तर विजेचा धक्का हा त्यांच्यातल्या गुरुत्वाच्या ओढीपेक्षा जवळजवळ एकावर ३६ शून्यं इतक्या पटीने मोठा असतो. गुरुत्व म्हणजे अगदीच मरतुकडं पैलवान.

बरं, कागदावर दोघं सख्खे भाऊ वाटतात. न्यूटनचा नियम १६८७ चा, कुलोमचा १७८५ चा, आणि दोन्हीत अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई. पण विजेत प्लस आहे, मायनस आहे, आणि ते दोघं एकमेकांना इतके चोख फेडतात की पोतंभर ज्वारीत अब्जावधी अब्ज इलेक्ट्रॉन असूनही बाहेरून बाकी शून्य. गुरुत्वात मायनस नाहीच. तिथे फक्त जमा होत जातं, दाण्याचं, पोत्याचं, डोंगराचं, आणि शेवटी त्याच मरतुकड्या पैलवानाने चंद्र धरून ठेवलाय.

शिवाय विजेचे नखरे फार. चुंबक लोखंडाला ओळखतं, ज्वारीला विचारत पण नाही. गुरुत्वाला ज्वारी, उडीद, खिळा सगळे सारखेच. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदमच सोडलं, हवा नव्हती, दोन्ही एकदमच टेकले. सगळ्यांना एकच वागणूक, मग हे बळ तरी कशाला म्हणायचं, ही तर जागा आणि वेळच वाकलेली आहे, असं आइन्स्टाइनने १९१५ मध्ये मांडलं. मला ते गणित झेपत नाही, पण शंका घ्यायची जागा बरोबर पकडली होती माणसाने.

आणि एक, विजेला आडोसा करता येतो. लिफ्टचं दार लागलं की फोनची रेंज गचकते, कारण पत्रा फोनच्या विद्युतचुंबकीय लहरी अडवतो. गव्हाच्या कोठीला कितीही जाड पत्रा लावा, आतल्या गव्हाचं वजन गुंजभरही हलकं होत नाही. नाहीतर दाणाबाजारातल्या हमालांनी कधीच असा पत्रा शोधून काढला असता.

साडेतीनला लाईट आली. नानांनी झडपेला हातच लावला नाही आधी, मोटर चालू केली, दगड पुरते फिरू दिले, आवाज बारीक झाला तेव्हा झडप बोटभर उघडली. माझं दळण होईपर्यंत त्यांनी चुंबकावरचा खिळा ओढून काढला, चांगला जोर लावावा लागला, आणि तेलाच्या जुन्या डब्यावर सोडून दिला. खण्ण.

डबा मांडीशी धरून रिक्षात बसलो तर पीठ चटका बसेल इतकं गरम.