तिसऱ्या बाकावरचा डबा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही म्हणून बॅचच्या ग्रुपवर तीनदा मेसेज आला, तेव्हा म्हटलं गॅदरिंग, छड्या, खो-खो असलं काहीतरी लिहून मोकळं व्हावं. पण आमची ९४ ची एसएससी बॅच, आणि ९२-९३ ची दंगल गाळून माहीमच्या शाळेबद्दल लिहायचं म्हणजे जरा खोटंच होईल.

नववी ब. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली, त्यानंतर शाळा बंद, मग चालू, जानेवारीत कर्फ्यू लागला की परत बंद. चाळीच्या गच्चीवर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट, दगड, जुन्या ट्यूबलाइट. समुद्रातून होड्या भरून हत्यारं येतायत ही खबर रोज रात्री यायची आणि आणणारा दरवेळी म्हणायचा, "आपला माणूस पोलिसात आहे ना, त्याने सांगितलंय." होडी एकदाही आली नाही. आली ती एकदा पहाटे दुधाची गाडी, वरून आम्ही तीस-चाळीस जण ओरडतोय हे बघून ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले बिचाऱ्याने. मला त्या जागरणांची मजा वाटायची हेही लिहून टाकतो.

माझा बेंच पार्टनर कोकणी मुसलमान, रत्नागिरीकडचा, मराठीत माझ्यापेक्षा कायम पाच-सात मार्क जास्त. कोकणात नाईक, देशमुख अशी दोन्हीकडे चालणारी आडनावं बरीच, त्यांचंही तसंच. त्याच्या वडलांनी दारावरच्या पाटीवरचं स्वतःचं नाव पत्र्याने खरवडून काढलं, नुसतं आडनाव ठेवलं. पुढे कळलं की त्यांच्या गच्चीवर पण दगड होते आणि त्यांच्याकडे पण पक्की खबर होती, की आम्ही येणार.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मेलेल्यांचा आकडा ९०० आहे. आमच्या गल्लीतलं त्यात कोणी नाही, आमच्याकडे नुसती बिऱ्हाडं हलली. कोणी मुंब्र्याला, कोणी गावाला. काकू-मावशी म्हणणारी माणसं जिन्यात भेटली की चपला बघत खाली उतरायची.

शाळा परत उघडली तेव्हा चाळीत नवीन चालू होतं, "त्यांच्या" बेकरीच्या पावात विष घालतात म्हणे. आई तर पोळ्याच देत होती. मधल्या सुट्टीत त्याने नेहमीसारखा डबा माझ्याकडे सरकवला, पाव-ऑम्लेट, त्याच्या अम्मीचं, कोथिंबीर जरा जास्तच असायची त्यात. मी म्हटलं, "नको रे, आज मंगळवार, मी अंडं खात नाही."

आमच्या घरी मंगळवारी बोंबील असतात हे त्याला चांगलं माहीत होतं, दोनदा जेवून गेलेला.

तो काही बोलला नाही. डबा बंद केला, स्वतः पण खाल्लं नाही, आणि घंटा होईपर्यंत कर्कटकाने बाकावर रेघा ओढत बसला. जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा त्याचा दाखला नेलेला होता.