कुरुंदाचं कार्ड पुन्हा उघडलं

मंडळी, एकेका शब्दाचं मूळ शोधून कार्डावर टिपायचा माझा छंद. कुरुंदाचं (कोरंडम या कठीण दगडाचं) कार्ड मिटवून 'गार' (क्वार्ट्झ) हाती घेतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. परवा बांधावर मोथा उपटताना ते कार्ड पुन्हा उघडलं.

आधी आनंदाची गोष्ट. पोहरा गावाकडचा माझा करडा-गुलाबी दगड कुरुंदच निघाला! गारेवर ओढला तर गारेलाच चरा पडला. मग तोलला : हवेत २१२ ग्रॅम, पाण्यात १५९. फरक ५३, २१२ ला ५३ नं भागलं की घनता ४. गारेची २.६५ असते. रात्री दोनदा तोललं, दोन्ही वेळा तेच.

(धार लावायला कुरुंद मागितला की दुकानदार काळा कार्बोरंडम देतात. पावशीला धार झकास लागते, पण त्यात कुरुंदाचा कणही नाही. ते सिलिकॉन कार्बाइड. ते बनवणाऱ्या अ‍ॅचेसनला आपल्या भट्टीत कार्बन आणि कुरुंद एकजीव झाले असं वाटलं, म्हणून ते नाव पडलं.)

आता अडलेलं घोडं. इंग्रजी 'कोरंडम' तमिळ 'कुरुंदम'वरून गेला आणि त्याचा सोयरा संस्कृत 'कुरुविंद', म्हणजे माणिक. माणिक हा क्रोमियमनं लाल झालेला कुरुंदच, तेव्हा दगड आणि रत्न एका नावात बसले, असं मी धरून चाललो होतो. पण अमरकोशात कुरुविंद हे मुस्तेचं नाव आहे. मुस्ता म्हणजे नागरमोथा, आपल्या धानातला मोथा! ज्याला उपटून उपटून मावशींचे हात सोलतात ते गवत आणि हिऱ्याखालोखाल कठीण असलेला दगड, दोघांना एकच नाव?

आठ दिवस यातच गेले. बृहत्संहितेत वराहमिहिर पद्मरागाची, म्हणजे माणकाची, तीन मुळं सांगतो : सौगंधिक, कुरुविंद, स्फटिक. त्यातले कुरुविंदातून आलेले खडे चित्रविचित्र रंगाचे, मंद तेजाचे, धातूंनी विद्ध. हे वाचून मी दगडाकडे बघतच राहिलो, वर्णन माझ्याच खड्याचं! पण गवताचा पत्ता तिथंही नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर झटकन शोधता येते, तरी मी छापील प्रतच उघडतो. शेजारचे शब्द आपसूक नजरेत येतात, आणि या छंदात अर्धं काम शेजारीच करतात.

तमिळची वाट वेगळी. तोल्काप्पियम या जुन्या तमिळ व्याकरणात 'कुरु' म्हणजे रंग. दगडाचं नाव तिथून आलं असेल तर गवताचं नाव वेगळ्या मुळाचं आणि दोघं नुसते नावानं सारखे. तेव्हा दोन कार्डं करायचं ठरवलं, वर 'कुरुविंद १' आणि 'कुरुविंद २' लिहूनही टाकलं.

हे लिहिता लिहिता मोथ्याची गाठ आठवली. काळपट, पोटात जाड, दोन्ही टोकांना निमुळती. कुरुंदाचा स्फटिकही पिंपासारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना बारीक! गाठीवरून दगडाला नाव पडलं असेल का? हा निव्वळ माझा तर्क, पण दुसरं कार्ड तूर्त पेन्सिलीतच ठेवतो. गार आणखी थांबेल. रविवारी बांधावरचा मोथा मुळासकट खणणार, गाठी धुऊन दगडाशेजारी मांडणार आणि फोटो टाकणार. कुणाकडे दोन्ही टोकं शाबूत असलेला कुरुंद असेल तर त्याचाही टाका, माझा एका बाजूनं फुटलेला आहे.