रिकाम्या खुर्चीचा हिशेब

विद्यापीठाच्या विमानात बसायचं असेल तर मी आधी वजन विचारते. कपड्यांसकट, बॅगेसकट, आणि खरं. समोर डीन असो की प्रयोगशाळेतला टेक्निशियन. लोक इथे पगार सांगून टाकतात, वजन सांगताना मात्र दहा-पंधरा पौंड गिळतात. आमच्या किंग एअर २०० या छोट्या विमानाची टाकी पूर्ण भरली तर सगळ्या खुर्च्या भरता येत नाहीत, हे एखाद्या उपाध्यक्षांना फोनवर समजावणं हा माझ्या नोकरीतला सोपा भाग.

अमेरिकेच्या मैदानी पट्ट्यातल्या एका सरकारी विद्यापीठात मी हवाई विभागाचं वेळापत्रक सांभाळते. विद्यापीठाला विमान कशाला, असं साताऱ्याचे नातेवाईक अजून विचारतात. कारण साधं आहे. मुख्य कॅम्पस राज्याच्या एका टोकाला, शेतीची संशोधन केंद्रं आणि विस्तार कार्यालयं दुसऱ्या टोकाला, आणि मधे शेकडो मैल फक्त गहू, मका, गुरं. दोन तासांच्या बैठकीसाठी मृदाशास्त्रज्ञाचे दोन दिवस गाडीत जातात. त्यामुळे अर्जावर प्रत्येक प्रवाशाचं नाव, कामाचं कारण, खर्च सोसणारा विभाग आणि 'गाडीने किंवा विमान कंपनीने का नाही' असा एक रकाना असतो. हा रकाना लोक सगळ्यात आळसाने भरतात.

तो फेब्रुवारीतला गुरुवार होता. सकाळी मुख्य कॅम्पसहून निघायचं, पश्चिमेकडच्या संशोधन केंद्राजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं, तिथून पुढे डेन्व्हर. विमानात प्रवाशांच्या खुर्च्या आठ. देणग्यांचं काम पाहणारे उपाध्यक्ष, त्यांचा एक अधिकारी आणि कृषी शाखेचे डीन डेन्व्हरला माजी विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी, आणि दोन शास्त्रज्ञ मधल्या केंद्रावर उतरणार. असे पाच. आदल्या दुपारी उपाध्यक्षांच्या ऑफिसातून दोन नावं वाढून आली: त्यांची पत्नी आणि मुलगा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जागा रिकामी आहे'.

आमच्या नियमात कुटुंबीयांना सरसकट बंदी नाही. जागा असेल, वरून लेखी परवानगी असेल, तर चालतं. पण तिथे आयकर खातं, म्हणजे आयआरएस, मधे येतं. कर्मचाऱ्याच्या घरच्यांनी मालकाच्या विमानातून खासगी कारणाने केलेला प्रवास हे त्या कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. त्याला एक अपवाद आहे. विमानातल्या निदान निम्म्या खुर्च्यांवर कामाने निघालेली माणसं असतील, तर कर्मचाऱ्याच्या, त्याच्या जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्या मुलांच्या प्रवासाची किंमत शून्य. आठातले पाच कामाचे, म्हणजे उपाध्यक्ष सुटले, असं त्यांच्या सहायकाने मला ऐकवलंसुद्धा.

मला खटकला तो मधला थांबा. ही निम्म्याची अट ज्याच्या प्रवासाचा हिशेब करायचा त्याने विमानात पाऊल ठेवताना पाळली गेली पाहिजे आणि तो उतरतानाही. शास्त्रज्ञ मधेच उतरले की डेन्व्हरला आठ खुर्च्यांत कामाची माणसं उरतात तीन. अट मोडली. मग हिशेब 'सिफल' नावाच्या दराने. हा दर वाहतूक खातं दर सहा महिन्यांनी जाहीर करतं: मैलाला इतके सेंट, त्याला विमानाच्या वजनानुसार गुणक, वर टर्मिनलचा ठरलेला आकार. आमच्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन १२,५०० पौंड. या गटात माझ्यासारख्या कर्मचाऱ्यासाठी गुणक ३१.३ टक्के. पण सरकारी संस्थेत ज्याचा पगार संघराज्य सरकारच्या 'एक्झिक्युटिव्ह लेव्हल पाच' या वरिष्ठ वेतनश्रेणीइतका किंवा त्याहून जास्त, त्याच्यासाठी तोच गुणक ३०० टक्के. म्हणजे त्याच खुर्चीत माझा नवरा बसला असता, तर टर्मिनलचा आकार सोडून मैलांचं उपाध्यक्षांच्या पत्नीच्या जवळजवळ दहाव्या भागात भागलं असतं. मला या नियमाचं, खरं सांगायचं तर, कौतुक वाटतं.

मी फोन केला. उपाध्यक्ष सज्जन गृहस्थ, आवाज चढवत नाहीत.

"विमान जाणारच आहे. दोन माणसं वाढल्याने इंधन असं किती वाढणार?"

"फारसं नाही. पण ही रक्कम तुमच्या पगारपत्रकात दिसेल."

"मग मी पैसे भरतो. विमान कंपनीचं जे तिकीट असेल तेवढा चेक देतो, विषय संपला."

हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलंय, आणि ते प्रत्येक वेळी प्रामाणिकपणेच म्हटलेलं असतं. पण नेमकं तेच करता येत नाही. आम्ही उडतो ते एफएएच्या, म्हणजे इथल्या हवाई वाहतूक नियामकाच्या, पार्ट ९१ या नियमांखाली, स्वतःच्या कामासाठी स्वतःचं विमान म्हणून. प्रवाशाकडून भाडं घेतलं की ती भाड्याची सेवा ठरू शकते, आणि त्याला पार्ट १३५ चं प्रमाणपत्र लागतं. ते आमच्याकडे नाही. फुकट नेलं तर करपात्र, पैसे घेतले तर बेकायदा ठरण्याची भीती. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली.

मग आली ती युक्ती. शास्त्रज्ञांनाही सरळ डेन्व्हरला न्या आणि परतताना त्यांच्या केंद्रावर उतरवा. निम्म्याची अट शेवटपर्यंत टिकेल. ही कल्पना कोणाची ते मला माहीत नाही, पण डीनसाहेबांच्या कानावर ती मी घालण्याआधीच गेली होती. शास्त्रज्ञांची केंद्रावर शेतकऱ्यांबरोबरची बैठक सकाळी दहाची. "माझी माणसं खुर्च्या उबवायला आहेत का?" असं ते फोनवर म्हणाले (इंग्रजीत जरा जास्त तिखट).

माझा मामा जिल्हा परिषदेत जीपचं लॉगबुक लिहायचा. जीप बाजारपेठेत दिसली तरी वहीत 'कार्यालयीन काम' एवढंच. इथे तसं होत नाही, ते लोक जास्त सत्यवादी आहेत म्हणून नव्हे. आपल्या माहिती अधिकारासारखे कायदे इथे राज्याराज्यात आहेत, आणि सरकारी विद्यापीठाच्या उड्डाणांच्या नोंदी पत्रकार मागवतात. जुलै २०१५ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष सुट्टीवरून परतताना विद्यापीठाचं सिरस विमान स्वतः चालवत होते. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला उतरताना ते आपटलं. बातमी फुटली पुढच्या वर्षी. मग प्रत्येक फेरीतलं काम किती आणि घरचं किती, याचा कीस चारचौघांत पडला आणि त्यांनी पैसे भरून दिले. उपाध्यक्षांना कराची रक्कम जड नव्हती. पगारपत्रकातली ती ओळ जड होती.

रात्री ठरलं की पत्नी आणि मुलगा येतील, कर लागेल तो लागेल. मी मॅनिफेस्ट, म्हणजे प्रवाशांची यादी, बंद केलं.

सकाळी साडेपाचला चीफ पायलटांचा फोन. को-पायलटला रात्रभर उलट्या. विम्याच्या यादीत मंजूर असलेले बदली पायलट मी एकामागून एक लावले. एक टेक्सासमध्ये, एक सुट्टीवर, एकाने फोनच उचलला नाही. सात वाजता हँगरच्या प्रतीक्षाकक्षात सगळी मंडळी बॅगा घेऊन हजर. मुलाच्या हातात स्कीचे बूट.

उपाध्यक्षांना बरीच माहिती असते. "किंग एअर २०० एका पायलटने चालवायला परवानगी आहे ना?"

"कायद्याने आहे," चीफ पायलट म्हणाले. "विद्यापीठाच्या नियमाने नाही."

"हवा तर स्वच्छ दिसतेय."

"इथे. पश्चिमेला ढगांत विमानावर बर्फ धरण्याचा इशारा आहे. पण तो नसता तरी उत्तर तेच."

वाद तिथेच थांबला, कारण या भागात विद्यापीठाच्या नोकरीत असलेल्या कोणालाही ओक्लाहोमा स्टेट सांगावं लागत नाही. २७ जानेवारी २००१ ला त्यांच्या बास्केटबॉल संघातली काही मंडळी कोलोरॅडोतला सामना खेळून परतत होती. विमान हेच, किंग एअर २००. बर्फाळ ढगांत विमानातल्या उपकरणांची एसी (प्रत्यावर्ती) वीज गेली, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही, आणि स्ट्रासबर्गजवळ दहाच्या दहा जण गेले. त्यानंतर त्या विद्यापीठाने खेळाडूंच्या प्रवासासाठी कडक नियम केले; दोन पायलट हा त्यातला एक. अपघातांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने ते नियम बाकीच्या संस्थांपुढे नमुना म्हणून ठेवले. पण ते होते खेळाडूंसाठी. प्रशिक्षकांनी कशाने जायचं ते त्यांच्या मर्जीवर होतं. १७ नोव्हेंबर २०११ ला त्याच विद्यापीठाच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक आणि त्यांच्या सहायक नव्या खेळाडू पाहायला निघाले, एका हितचिंतकाच्या छोट्या, एका इंजिनाच्या पायपर विमानातून. पायलट ८२ वर्षांचे. आर्कान्सामध्ये विमान कोसळलं, विमानातले चौघेही गेले. आमच्या नियमावलीत 'खेळाडू, कर्मचारी वा पाहुणे, सर्वांना लागू' असे शब्द आहेत. कधीतरी कोणीतरी ते शुद्ध भाषेसाठी वाढवले असतील असं मला आधी वाटायचं.

पुढचं भराभर झालं. उपाध्यक्ष, त्यांचा अधिकारी आणि डीन यांची तिकिटं मी दुपारच्या नेहमीच्या विमानात काढली. पत्नी आणि मुलगाही त्याच विमानाने गेले, तिकीट उपाध्यक्षांच्या खासगी कार्डावर. कसला गुणक नाही, कसली ओळ नाही. जेवणाला ते सूप संपता संपता पोचले म्हणे. शास्त्रज्ञांनी मोटारपूलमधून गाडी घेतली आणि शेतकऱ्यांची बैठक दुपारवर ढकलली.

सोमवारी डीनसाहेबांचा मेल आला. माणसं गाडीने पोचली, बैठक झाली, मग या केंद्रासाठी विमानाचे तास माझ्या बजेटमधून का कापता? प्रश्न रास्त होता. मात्र तोवर शास्त्रज्ञांचे कागद माझ्या टेबलावर आले होते. परतीच्या वाटेवर बर्फाने महामार्ग बंद झाला आणि दोघे दोन रात्री मोटेलात अडकून पडले होते. खोल्यांची, जेवणाची बिलं आणि वाया गेलेल्या दिवसांचा पगार मी एका कागदावर मांडला, डीनना पाठवला आणि एक प्रत फाइलला लावली. पुढच्या अर्जात 'गाडीने का नाही' हा रकाना त्यांच्या ऑफिसने पहिल्यांदाच पूर्ण भरून पाठवला.