गर्भपिशवीतला पॉलिप निघाला, पण सोनोग्राफीच्या तारखेनं जीव खाल्ला

दोन पाळ्यांच्या मधेच अंगावरून रक्त जायला लागलं तेव्हा घरच्या-दारच्या सगळ्या म्हणाल्या, "पाळी जायचं वय हाय, होते असं." आमच्या आशाताईंनीच मागे लागून तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८ निघालं. मॅडमनी सोनोग्राफी लिहून दिली आणि तिथंच सगळं अडलं.

तालुक्याच्या दवाखान्यात मशीन आहे, सोनोग्राफीचे डॉक्टर मात्र हप्त्यातून एकदाच येतात. केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख टाकून देतात. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून पहिली एसटी धरायची, बाकावर बसून बाटलीभर पाणी प्यायचं, लघवी दाबून धरायची आणि दुपारी खिडकीतून ऐकायचं, "आज साहेब येत नाहीत, पुढच्या हप्त्यात या." शेजारी गरोदर पोरी, त्याही तशाच अवघडून बसलेल्या. माझा नंबर केसपेपरवर होता, एक फोन करायला काय जात होतं? जुनी तारीख खोडून नवी टाकायची, एवढंच. खोडून खोडून तो कोपरा विरला होता. अजूनही आठवलं की संताप येतो.

शेवटी झाली, तर रिपोर्टात एवढंच: गर्भपिशवीचं अस्तर जाड. मग सेवाग्रामचा दवाखाना गाठला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, पोटावरून लहान पॉलिप नीट दिसत नाही, खालून सोनोग्राफी करावी लागते. तीही लघवी करून आल्यावर, आणि पाळी संपल्या संपल्या, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं. म्हणून तारीख घेताना आपल्या पाळीचा हिशेब आधी सांगा.

पॉलिप म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचीच वाढ. माझा तुरीच्या दाण्याएवढा होता. बहुतेक साधे असतात, तरी काढलेला तुकडा तपासणीला पाठवतातच. माझा साधाच निघाला. दुर्बिणीनं खालूनच काढला, पोटावर टाका नाही.

त्याआधी एका खाजगी डॉक्टरनं आत काय आहे ते न बघताच "पिशवी काढून टाका" म्हटलं होतं. असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या, सरकारी उपचार योजनेसाठी मागतात.

पाळीत फार जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, दिवस राहत नसतील, तरी तपासा. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी थांबू नका, त्या वयात कॅन्सर नाही ना हे बघावंच लागतं. माझ्या मोठ्या जावेला तसा डाग दिसलाय. तिला सोमवारी थेट सेवाग्रामलाच नेते आहे.