तुम्ही विचारलंत म्हणून: उलटीला ईसीजी कशाला?

“मॅडम, पोरीला उलट्या होतायत आणि तुम्ही छातीला वायरी कसल्या लावताय?” तालुक्याच्या गावी मुलांची डॉक्टर म्हणून बसते, तर हा प्रश्न अधूनमधून येतोच. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. ओपीडीच्या गर्दीत मी “बघू या जरा” एवढंच म्हणते, म्हणून आज नीट सांगते.

ही पोरगी नऊ वर्षांची. आठवड्यापूर्वी सर्दी-ताप येऊन गेलेला. मग दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं, आणि प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी. हात गार लागले. मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ४४. उलट्यांनी सुकलेल्या मुलाची नाडी पळते, शंभराच्या पुढे जाते. ४४ हा आकडा पोटाच्या दुखण्याचा नव्हे.

ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बारके उंचवटे १२० च्या चालीने निघाले होते, खालच्या कप्प्यांचे टोकदार ठोके ४४ ने. दोघांनी जणू अबोला धरलेला. याला कंप्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. वरून खाली विजेचा निरोप जायला निरोगी हृदयात एकच वाट असते. सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरांनी १९०६ साली जर्मनीत काम करताना ती दाखवून दिली. एखाद्या विषाणूनंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली, म्हणजे मायोकार्डायटिस झाला, आणि सूज नेमकी त्या वाटेवर असली, की निरोप अडतो. खालचे कप्पे मग आपल्या बळावर, संथ चालत राहतात.

उलटंही होतं. ताप नाही, रडणं नाही, आठ वर्षांचं मूल शांत झोपलंय आणि ठोके १५०. एक अंश सेल्सियस तापाला साधारण १० ठोके वाढतात, हा हिशेब जुळला नाही की मी ईसीजी काढतेच.

आणि पोट? हृदय थकलं की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं, आतड्यांना ते कमी पडतं. म्हणून मूल छातीऐवजी पोटावर हात ठेवतं. हे मी किंमत मोजून शिकले. पहिल्या वर्षी अशाच उलट्यांच्या एका मुलाला मी भराभर सलाईन सोडलं आणि त्याला धाप लागली. पोटावर हात ठेवला असता तर लिव्हर चार बोटं खाली आलेलं लागलं असतं. तो वाचला, पण व्हेंटिलेटरवर जाऊन.

या पोरीला औषधाची ड्रिप चालू ठेवून १०८ च्या गाडीतून शहरात पाठवलं. तिथे मानेच्या शिरेतून तात्पुरत्या पेसमेकरची वायर घातली. वडिलांचा फोन आला, “हे मशीन आता जन्मभराचं का?” तसं नसतं. सूज उतरली की बहुतेक मुलांची वाट पुन्हा उघडते, म्हणून कायमचा पेसमेकर ठरवण्याआधी आठवडाभर तरी थांबतात. हिचे स्वतःचे ठोके पाचव्या दिवशी परतले. काहींचे परतत नाहीत. ती मुलंही पेसमेकर घेऊन शाळेत जातात.

घटसर्पात मात्र ब्लॉक आला की मी फार घाबरते. घसा बरा व्हायला लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचं विष हृदयाला धरतं. पाच आणि दहा वर्षांचे बूस्टर चुकवू नका हो, कळकळीने सांगते.

पोरगी आता खो-खोसाठी हटून बसली आहे. बरी दिसली तरी तीन ते सहा महिने पळापळ नाही, कारण सुजलेल्या स्नायूत पळताना ठोका अचानक बिघडू शकतो. आधी होल्टर लावून चोवीस तासांचे ठोके बघायचे, मग मैदान. पीटीच्या सरांना मी चिठ्ठी दिली आहे.

तिची आई रोज रात्री ती झोपल्यावर मनगट धरून नाडी मोजते. परवा वही दाखवली. ७२, ७६, ७४.